वाचकांचे प्रश्न : तापवलेल्या मातीतले विष जाते कुठे?

प्रश्न : टिकाऊ सेंद्रिय रसायनांनी दूषित झालेल्या मातीवर उष्णतेने प्रक्रिया करणे, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. नळीच्या भट्टीत ३५० अंश सेल्सिअसला एक तास ठेवलेल्या मातीत क्लोरीनयुक्त कीटकनाशकाचा जवळजवळ मागमूस उरत नाही, असे माझे निकाल सांगतात. तरीही माझ्या मार्गदर्शकांचे समाधान होत नाही. त्यांना नेमके काय खटकत असावे?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही मातीत काय उरले ते मोजले आहे. जे मातीतून गेले ते कुठे गेले, याचा हिशेब अजून लागलेला नाही. मार्गदर्शकांना बहुधा हेच खटकत असावे आणि मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते.

ओला कपडा वाळण्यासाठी पाणी उकळावे लागत नाही. त्याचप्रमाणे ज्या रसायनाचा उत्कलनबिंदू ४०० अंशांच्या वर आहे, तेही ३३५ अंशांना पुरेसा वेळ मिळाला तर वाफेच्या रूपाने मातीचे कण सोडून जाते. या प्रक्रियेला थर्मल डिसॉर्प्शन म्हणतात आणि तिच्यात रसायनाने जागा बदललेली असते. त्याचा रेणू तुटलेलाच असेल असे नाही. २००१ मध्ये स्वीकारलेला आणि २००४ पासून अमलात आलेला स्टॉकहोम करार अशा रसायनांच्या कचऱ्याबाबत स्पष्टपणे सांगतो, की रसायन नष्ट तरी व्हावे किंवा पुन्हा मूळ रूपात येणार नाही इतके बदलावे. नुसत्या स्वच्छ मातीने ही अट पूर्ण होत नाही.

म्हणून पुढच्या प्रयोगात भट्टीबाहेर आलेल्या नळीच्या थंड टोकाकडे बारकाईने पाहा. तिथे काचेला आतून पुष्कळदा पिवळसर-तपकिरी, चिकट थर धरलेला दिसतो. तो टोल्युइन या द्रावकाने धुऊन घ्या आणि ते धुतलेले द्रावण मातीच्या नमुन्याइतक्याच काळजीने गॅस क्रोमॅटोग्राफी–मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे मिश्रणातील रसायने वेगळी करून ओळखणाऱ्या पद्धतीने, तपासा. वायूच्या वाटेवर शोषक रेझिनचा सापळा ठेवा, त्यापुढे अल्कलीच्या द्रावणाची बाटली ठेवा आणि तिच्यात किती क्लोराइड जमा झाले तेही मोजा. मातीत उरलेले, थरात बसलेले, सापळ्यात अडकलेले आणि क्लोराइड होऊन बाहेर पडलेले, या सर्वांची बेरीज सुरुवातीच्या क्लोरीनच्या जवळपास आली, तरच किती रसायन खरोखर तुटले हे तुम्हाला छातीठोकपणे सांगता येईल. हे काम वेळखाऊ आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा तेच आहे.

बाहेर पडलेला वायू हळूहळू थंड होत गेला, तर साधारण २०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, काजळी आणि तांब्यासारख्या धातूंच्या सूक्ष्म कणांवर डायॉक्सिन ही अतिशय विषारी क्लोरीनयुक्त संयुगे नव्याने तयार होऊ शकतात. मूळ मातीत नसलेले विष प्रक्रियेने निर्माण करणे यापेक्षा वाईट काय असेल? म्हणूनच वायू उच्च तापमानाला जाळल्यावर तो झटकन थंड करतात. त्यामुळे केवळ मूळ कीटकनाशकाचा शोध घेऊन थांबू नका.

आणखी एक विचारावेसे वाटते : तुमच्या मातीत रसायन तुम्ही मिसळले आहे, की ती खरोखरच्या दूषित जागेवरची आहे? काल मिसळलेले रसायन कणांच्या पृष्ठभागावर असते आणि सहज निघते. कित्येक वर्षे मातीत मुरलेले रसायन सेंद्रिय द्रव्यात आणि अतिसूक्ष्म छिद्रांत शिरलेले असते, त्यामुळे त्याच तापमानाला ते अधिक वेळ घेते. शक्य असेल तर दोन्ही मातींवर प्रयोग करा.

प्रश्न : प्रयोगशाळेत तासाभरात होणारे काम प्रत्यक्ष जागेवर करायला महिने का लागतात?

उत्तर : माती उष्णतेची मंद वाहक आहे आणि उष्णता आत पोहोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक सेंटिमीटर जाडीच्या थरात ती काही मिनिटांत पोहोचते. एक मीटरसाठी अंतर १०० पट, म्हणून वेळ १०,००० पट, म्हणजे काही आठवडे. व्हिएतनाममध्ये डा नांगच्या विमानतळावर एजंट ऑरेंज या तणनाशकातून आलेल्या डायॉक्सिनने दूषित झालेली सुमारे ९०,००० घनमीटर माती आणि गाळ बंदिस्त ढिगाऱ्यात भरून, दोन टप्प्यांत, किमान ३३५ अंशांपर्यंत तापवण्यात आला. २०१२ मध्ये सुरू झालेले ते काम २०१८ मध्ये संपले.

यात पाण्याचा वाटा वाचकांना सहसा ठाऊक नसतो. एक टन कोरडी माती २० अंशांवरून ३३५ अंशांपर्यंत न्यायला ढोबळमानाने २७० मेगाजूल उष्णता लागते. तिच्यात २०० किलो पाणी असेल, तर ते तापवून त्याची वाफ करायलाच सुमारे ५२० मेगाजूल खर्ची पडतात. माती आधी निथळू देणे आणि ढिगारा पावसापासून झाकणे, या अगदी साध्या वाटणाऱ्या कामांनी जेवढे इंधन वाचते, तेवढे भट्टीच्या रचनेतील पुष्कळ सुधारणांनीही वाचत नाही.

प्रश्न : पीफास या फ्लोरीनयुक्त, सहज न मोडणाऱ्या कृत्रिम रसायनांनाही हीच पद्धत चालेल का?

उत्तर : मातीतून बाहेर काढण्यासाठी बऱ्याच अंशी चालते, नष्ट करण्यासाठी नाही. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध फार बळकट असतो. तो पूर्ण तोडण्यासाठी वायू साधारण १,००० अंशांच्या वर न्यावा लागतो आणि त्यातून निघणारे हायड्रोजन फ्लोराइड हे अतिशय दाहक आम्लधर्मी द्रव्य वेगळे पकडावे लागते. ३५०–४०० अंशांवर माती स्वच्छ दिसली म्हणून काम संपले असे मानू नये.

प्रश्न : एवढ्या तापवलेल्या मातीत पुन्हा काही उगवते का?

उत्तर : लगेच नीटसे उगवत नाही. ३३५ अंशांना मातीतील जीवाणू, बुरशी आणि बिया मरतात, सेंद्रिय द्रव्याचा मोठा भाग करपतो, नायट्रोजनही बराच उडून जातो आणि लोहाची पिवळसर संयुगे हेमाटाइटमध्ये बदलल्याने माती लालसर होते. पाणी धरून ठेवण्याची तिची क्षमताही घटते. कंपोस्ट आणि निरोगी माती मिसळली, तर जीवन परतू लागते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. यावर उपाय म्हणून रसायन पुरेसे निघेल अशा सर्वांत कमी तापमानाला अधिक काळ थांबता येते. ते तापमान कोणते, हे प्रत्येक मातीसाठी वेगळे शोधावे लागते. पहिल्या प्रश्नातील विद्यार्थिनीने आपल्या भट्टीतून काढलेल्या मातीच्या काही कुंड्यांत बी पेरून पाहिले आणि शेजारी न तापवलेल्या स्वच्छ मातीच्या कुंड्या ठेवल्या, तर तिच्या प्रबंधात एक फार उपयोगी प्रकरण वाढेल.