खळ्यात रेंज, माजघरात नाही... नेट कोणाचं घ्यायचं?

प्रश्न: आमचं गाव कुडाळ तालुक्यात, बाजारपेठेपासून बरंच आत. फायबर आलेलं नाही, लँडलाइन केव्हाच बंद पडली. सून पुण्याच्या कंपनीत आहे, ती आता इथे राहून घरूनच काम करणार म्हणते. घर चिऱ्याचं, भोवती आंबे-फणस. फोनला खळ्यात रेंज मिळते, माजघरात नाही. जिओ, एअरटेल की बीएसएनएल? दुकानात विचारलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.
– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक

उत्तर: गुरुजी, दुकानदार वेगवेगळं सांगणारच, ज्याचं कमिशन जास्त ते सिम चांगलं. पण खरं सांगायचं तर कंपनी कुठली हा प्रश्न नंतरचा, आधी तुमच्या घराला कोणाचा टॉवर दिसतो ते बघायचं. पुण्यात ज्याचं नेट पळतं तेच तुमच्या वाडीत रांगत असेल, आणि शेजारच्या वाडीत परत उलटं.

ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा टाकायला लावलंय, तो आधी बघा, म्हणजे निदान कोण बादच आहे ते कळेल. पण नकाशाला तुमचे चिरे आणि फणस दिसत नाहीत. म्हणून ज्यांची शक्यता वाटते त्या दोघांची स्वस्तातली प्रीपेड सिम महिनाभरासाठी घ्या, आणि मेहेरबानी करून जुना नंबर पोर्ट करू नका, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेऊ नका, कारण एकदा पोर्ट केला की 90 दिवस दुसरीकडे हलता येत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधे अबाउट फोन, त्यात सिम स्टेटसला सिग्नलचा आकडा (dBm) दिसतो, उणे 85 च्या आसपास असेल तर छान, उणे 110 च्या खाली, म्हणजे उणे 115, 120 असा गेला तर त्या जागेवर काही खरं नाही. पडवी, माजघर, पोटमाळा सगळीकडे बघा. स्पीड मात्र रात्री आठ ते अकरात मोजा, सकाळी सहाला सगळ्यांचंच नेट पळतं. आणि शक्य असेल तर गणपतीतही बघा, चाकरमानी आले की एकाच टॉवरवर अख्खी मुंबई येते!

स्पीड मोजताना सूनबाईंसाठी अपलोडचा, म्हणजे घरून बाहेर जाणाऱ्या डेटाचा आकडा जास्त महत्त्वाचा. जाहिरातीत नेहमी डाउनलोडच सांगतात, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो बहुतेक अपलोडमुळे. एका व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस अपलोड सतत मिळालं तरी भागतं, शंभरची हौस कशाला.

आता घ्यायचं काय? तुमच्याकडे फाइव्हजी पोचलं असेल आणि कंपनी तुमच्या पत्त्यावर द्यायला तयार असेल तर एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनवायरीचं येणारं घरचं नेट, घ्या. 2023 मध्ये जिओ आणि एअरटेल दोघांनीही ते सुरू केलं. छपरावर किंवा भिंतीबाहेर डबा लावतात, तिथून वायर आत राउटरला, म्हणजे तुमच्या चिऱ्याच्या भिंतीचा प्रश्नच मिटतो आणि खळ्यातली रेंज माजघरात येते. जिओचा प्लॅन सुरुवातीला 599 पासून होता, पण त्यावर 18 टक्के जीएसटी धरा म्हणजे सातशेच्या वर गेलाच. महिन्याला साधारण 1000 जीबीची मर्यादा असते, ती एका घराला भरपूर झाली. इन्स्टॉलेशनचे किती, आणि मधेच बंद केलं तर काय परत मिळतं, हे पैसे भरायच्या आधी विचारा. माणूस डबा बसवायला आला की स्पीड त्याच्यासमोरच मोजा, तो गेल्यावर नाही.

फक्त फोरजीच असेल तर सिम घालायचा राउटर मिळतो, तो रेंजच्या खिडकीत ठेवा. बाहेरचा अँटेना लावायची सोय असलेला घेतला तर अजून बरं. पण प्रीपेडचे रोजचे दोन जीबी ऑफिसला पुरत नाहीत, आणि 'अनलिमिटेड फाइव्हजी' म्हणतात ते फाइव्हजी पकडलं तरच, फोरजीवर घसरलं की रोजच्या कोट्यातूनच कापतात.

बीएसएनएलला मी नाही म्हणत नाही, 2025 मध्ये त्यांचं स्वदेशी फोरजी सुरू झालंय आणि काही आडगावांत टॉवर फक्त त्यांचाच आहे, तिथे दुसरा पर्यायच नाही.

पावसाळ्याचं राहिलं. लाइट गेली तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घ्याच, पण टॉवरची बॅटरी संपली की घरच्या इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचं, शक्यतो दुसऱ्या टॉवरवरचं सिम सूनबाईंच्या फोनमध्ये असू द्या, दोन्ही एकाच टॉवरवर असली तर दोन्ही एकदमच जातात.

प्रश्न: शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे पण सिनेमा डाउनलोड करताना स्पीड बारा दाखवतं. फसवलं का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर: नाही हो. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, कॉम्प्युटर मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटचा एक बाइट, म्हणून शंभरला आठने भागा, साडेबारा येतात. दोन-तीनच दाखवायला लागलं तर आधी राउटरजवळ बसून मोजा, तरी तेवढंच आलं तर मग तक्रार करा.