माल बांधला तरी दोरी ढिली का पडते?

प्रश्न: पिंपळगावला पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट नेतो, निघताना दोरी कडक असते पण अर्ध्या वाटेत ढिली पडते. कुठली गाठ मारू? – एक शेतकरी, दिंडोरी

उत्तर: दादा, नुसती हाताने ओढून बांधली की ढिली पडणारच. एक टोक आकड्याला पक्कं बांधा, दोरी क्रेटवरून पलीकडे टाका, छातीच्या उंचीवर दोरीतच एक फास करा, मग मोकळं टोक खालच्या आकड्यातून घेऊन वर त्या फासातून काढा आणि खाली ओढा, अगदी कप्पीसारखं काम होतं, हिशोबाने तिप्पट जोर, घासण्यात थोडा जातो पण हाताला फरक लगेच कळतो. फासाजवळ दोरी चिमटीत दाबून धरूनच दोन अर्ध्या गाठी मारा (टोक दोरीभोवती फिरवून झालेल्या वेढ्यातून ओढून काढलं की एक अर्धी गाठ), इथेच बरेच जण चिमटी सोडून देतात. नायलॉन ताणतं, ओलं झालं की जास्तच, म्हणून थोडं अंतर गेल्यावर थांबून परत ओढा, प्लीज!