मेम फॉक्स यांच्या पुस्तकांतून काय उचलावं

प्रिय मित्रा,

तुझी गोष्ट वाचली. कल्पना छान आहे, पण चित्रपुस्तकाला अठराशे शब्द झेपत नाहीत. पाचशेच्या आत ये. एवढी काटछाट केली तर गोष्टीत उरणार काय, ही तुझी भीती रास्त आहे, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बाललेखिका मेम फॉक्स यांचं पहिलं पुस्तक कसं घडलं ते नीट समजून घे.

जन्म 1946 चा, मेलबर्नचा. बालपण आफ्रिकेत गेलं, नाट्यशिक्षण लंडनमध्ये झालं आणि 1970 पासून मुक्काम ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला. 1978 मध्ये तिथल्या फ्लिंडर्स विद्यापीठात बालसाहित्याचा अभ्यासक्रम करताना त्यांनी एका अदृश्य उंदराची गोष्ट लिहिली. पाच वर्षांत नऊ प्रकाशकांनी ती नाकारली. शेवटी ॲडलेडच्या ऑम्निबस बुक्सने स्वीकारली, पण मजकूर दोन-तृतीयांशाने कमी करायला आणि उंदरांऐवजी ऑस्ट्रेलियातले प्राणी घ्यायला सांगितलं. उंदराच्या जागी पॉसम (झाडावर राहणारा छोटा ऑस्ट्रेलियन प्राणी) आला, चित्रं ज्युली विवास यांनी काढली आणि 1983 मध्ये ‘पॉसम मॅजिक’ प्रसिद्ध झालं.

त्यात पॉसम आजी आणि तिची अदृश्य झालेली नात ऑस्ट्रेलियाभर गावोगावी खात फिरतात, कारण नातीला पुन्हा दिसू लागायचं आहे. डार्विनला व्हेजिमाइट (यीस्टचा खारट लेप) लावलेलं सँडविच खाल्लं की शेपूट दिसतं, पर्थला पाव्हलोव्हा हा गोड पदार्थ खाल्ला की पाय आणि धड, होबार्टला लॅमिंग्टन हा केक खाल्ला की डोकं. खाण्यानेच गोष्ट पुढे सरकते. तुझ्या गोष्टीतला बाजार नुसता मागे उभा आहे. तो काढला तरी काही बिघडत नाही. त्याला काम दे, नाहीतर काढ.

आता हाताने करायचं काम. ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घाल, 32 पानं होतात. बहुतेक चित्रपुस्तकं एवढीच असतात. शीर्षक आणि प्रकाशनाची माहिती यांत सुरुवातीची पानं जातात. गोष्टीला साधारण चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. मजकूर कापून त्यावर चिकटव. एखाद्या जोडपानावर नवं चित्र सुचत नसेल तर तिथे गोष्ट थांबली आहे. चित्रात दिसणारच ते शब्दांत सांगू नकोस: लाल फ्रॉक, पावसाळी आभाळ, रडवेला चेहरा.

पान कुठे उलटतं याचा मात्र भरपूर विचार कर. फॉक्स आणि चित्रकार ज्युडी होरासेक यांच्या ‘व्हेअर इज द ग्रीन शीप?’ (2004) मध्ये दोनशेहूनही कमी शब्द आहेत. तऱ्हेतऱ्हेच्या मेंढ्या भेटत जातात, हिरवी कुठे आहे हा प्रश्न परत परत येतो, आणि शेवटी वाचणाऱ्यालाच सांगितलं जातं की पान हळूच उलट. का, ते उलटल्यावर कळतं: मेंढी झोपली आहे. पान उलटणं हाच गोष्टीतला प्रसंग झाला! हे जोडपान समोर ठेवून अभ्यास कर.

मग मजकूर अशा माणसाला मोठ्याने वाचायला दे, ज्याने तो पूर्वी पाहिलेला नाही. तू गप्प बस आणि तो जिथे अडखळेल तिथे खूण कर. स्वतः वाचून हे कळत नाही, कारण आपली चाल आपल्याला पाठ असते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे गेली-केली-झाली अशी यमकं फुकट मिळतात आणि चार ओळींत कंटाळा आणतात. यमक नामावर आण, किंवा सोड. लय पुरते.

नोकरी सोडायचा विचार तूर्त नको. ‘पॉसम मॅजिक’ तुफान खपूनही फॉक्स 1996 पर्यंत फ्लिंडर्समध्ये शिकवत होत्या. चित्रपुस्तकाचं मानधन सहसा लेखक आणि चित्रकारात वाटलं जातं: छापील किमतीच्या 10 टक्क्यांतले 5 तुझे, आणि आगाऊ मिळालेली रक्कम त्यातून आधी वळती होते. ऑस्ट्रेलियात ग्रंथालयांतल्या प्रतींबद्दल लेखकाला सरकारकडून भरपाई मिळते. तशी सोय इथे आहे असं धरून हिशेब मांडू नकोस.

पुढच्या वेळी टाइप केलेली प्रत नको. ती चिकटवलेली वहीच पाठव, अडखळल्याच्या खुणांसकट.

तुझा हितचिंतक