रिसेप्टरवर संशोधन की आयव्हीएफची लॅब?

नमस्कार ताई,

नाशिकच्या इंदिरानगरहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला, विषय प्राणिशास्त्र. 'शुक्राणूंच्या रिसेप्टर्सवर', म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या रेणूंवर, 'काम करायचंय' असं ती म्हणते. तुमचे प्रश्न दोन: यात पोट भरतं का, आणि नातेवाइकांना सांगायचं काय?

दुसऱ्याचं आधी. मूल होत नाही म्हणून दवाखान्यांचे उंबरठे झिजवणारं एखादं जोडपं बहुतेक नात्यागोत्यात असतं. त्यांच्या उपयोगाचं शास्त्र शिकतेय, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता पोटाचं. पोरीने विषय मात्र दमदार निवडलाय. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन इतर पेशींत मुख्यतः केंद्रकात जाऊन जनुकांना कामाला लावतं. शुक्राणूची जनुकं जवळजवळ गप्प असतात, म्हणून तिथे हार्मोन बाहेरच्या पटलावरच काम साधतं. कॅटस्पर नावाची वाट उघडते, कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटीचे फटके एकदम जोरकस होतात. यात कॅटस्परचा हात आहे, हे 2011 साली कळलं. त्यामागचा एबीएचडी2 हा रिसेप्टर 2016 मध्ये सापडला. पुढे स्त्रीबीजाला चिकटायला शुक्राणूवर इझुमो1 नावाचं प्रथिन लागतं आणि बीजावर जुनो नावाचं. ही जोडी जुळली 2014 मध्ये. म्हणजे विषय अजून ताजा आहे, करण्यासारखं भरपूर उरलंय.

पण इथेच एक गोम आहे. आयव्हीएफ सेंटरमध्ये इक्सी करतात तेव्हा बारीक सुईने शुक्राणू थेट बीजात सोडतात. इझुमो-जुनोची गाठ पडायची गरजच राहत नाही! तिचा प्रश्न संशोधन संस्थेत आहे, लवकर मिळणारा पगार दवाखान्याच्या लॅबमध्ये. दोन्ही रस्ते चांगले, पण ते एकच आहेत असं समजून निघू नका.

संशोधनासाठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा आणि पीएच.डी. परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था याच कामाची. 1986 मधल्या हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीच्या जन्मामागे केईएम रुग्णालयाबरोबर हीच संस्था होती. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलं की फार लांब नाही. उन्हाळी प्रोजेक्टसाठी तिथे आत्ताच ई-मेल करायला सांगा.

एम्ब्रियॉलॉजिस्टच, म्हणजे आयव्हीएफच्या लॅबमध्ये बीज, शुक्राणू आणि गर्भ हाताळणारी तज्ज्ञ, व्हायचं असेल, तर 2021च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालच्या नियमांत पात्रता ठरवून दिलेली आहे, ती आधी वाचा. पंधरा दिवसांत एम्ब्रियॉलॉजिस्ट बनवणाऱ्या जाहिरातींना लाखभर रुपये मोजू नका, हे मी जरा जोर देऊन सांगतो.

ओळखीच्या डॉक्टरांना विचारून नाशिकमधल्याच एखाद्या लॅबमध्ये तिला चार दिवस बसू द्या. नमुने तपासण्यात, नोंदी ठेवण्यात तिचं मन रमलं तर नोकरीचा रस्ता. 'हे शुक्राणू जिवंत आहेत, मग पोहत का नाहीत?' असं विचारत घरी आली, तर पुढची सात-आठ वर्षं तिच्या लग्नाचा विषय काढू नका. पीएच.डी.च्या खर्चाची चिंताही नको. जेआरएफ लागली की फेलोशिप मिळते.