शून्याखालचा आकडा बघा

ताई, आईच्या जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट तुम्ही टाकलाय : टी१बी, गाठी (लिम्फ नोड) ०/९, म्हणजे नऊ तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. शिवाय "सुरुवातीचाच आहे, गाठी स्वच्छ आहेत, मग ऑन्कोलॉजिस्ट का कुरकुरतायत?" असंही विचारलंय. आमच्या आण्णांचं टी१बी, ०/८ होतं, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

सगळे शून्य बघून पेढे वाटतात. खालचा आकडा कुणी बघत नाही. जठराच्या कॅन्सरमध्ये किमान १६ गाठी तपासाव्यात असं मानतात. त्याहून कमी तपासल्या की शून्यावरचा भरवसा कमी होतो. आणि 'सुरुवातीचा' हे नुसत्या खोलीवरून ठरतं, गाठींवरून नाही. कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तरापुरता असेल (टी१ए) तर गाठींत पसरलेला निघण्याचं प्रमाण दोन-तीन टक्के. त्याखालच्या थरात गेला (टी१बी) की तेच साधारण १५ ते २० टक्के. म्हणून डॉक्टर कुरकुरतायत. घाबरवत नाहीयेत. गाठी खरोखर स्वच्छ असतील तर जपान-कोरियाच्या आकड्यांत पाच वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त पेशंट हयात असतात. एक-दोन गाठींत कॅन्सर सापडला तरी टी१ला स्टेज १बीच, म्हणजे पहिलीच स्टेज धरतात.

आता मुद्द्याचं. गाठी कमी निघण्याची कारणं दोन : सर्जनने भोवतालची चरबी कमी काढली, किंवा लॅबमध्ये त्या चरबीत नीट शोधलं नाही. बारीक गाठी हातानेच चाचपून काढाव्या लागतात. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी सर्जन स्वतःच ताज्या स्पेसिमनमधून (काढलेल्या भागातून) त्या वेगळ्या करून देतात. दुसरं कारण असेल तर उपाय आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं उरलेलं स्पेसिमन पुन्हा तपासता येतं. पण ते कायम ठेवत नाहीत, काही आठवड्यांनी टाकून देतात.

आम्हाला इथेच फटका बसला. ऑन्कोलॉजिस्टने लगेच सांगितलं, पुन्हा शोधायला सांगा. लॅब म्हणाली, सर्जनचं पत्र आणा. पत्र नेलं तर म्हणे रेकॉर्ड विभागाचा शिक्का हवा. रेकॉर्डवाले म्हणाले, हे आमच्याकडे येतच नाही, बिलिंगला विचारा. बिलिंगच्या खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "रिपोर्ट दिलाय ना? मग अजून काय पाहिजे?" शिक्का मिळेपर्यंत बरणी रिकामी झालेली. नियमानुसारच टाकली म्हणे! पैसे आम्ही भरले, पोट आण्णांचं, आणि परवानगी कुणाकुणाची? असो.

ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे, ज्यांच्यापासून स्लाइड बनवतात) मात्र डिपॉझिट भरून मिळाले. दुसरीकडे ते पुन्हा वाचले तेव्हा रक्तवाहिनीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या. पहिल्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या आठांपलीकडे अजून गाठी होत्या का, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. डॉक्टरांच्या बोर्डाने किमो न देता लक्ष ठेवायचं ठरवलं. यावर मतं वेगवेगळी आहेत. जपानमध्ये टी१ला सहसा ऑपरेशननंतर किमो देत नाहीत, पाश्चात्त्य डॉक्टर गाठींत कॅन्सर सापडला की सहसा देतात. आमचं म्हणून तुमचं तेच, असं मुळीच नाही.

तर ताई, उद्या सकाळी पहिलं काम, स्पेसिमन आहे का हे लॅबला विचारा. फोनवर नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सर्जनना स्वतः लॅबच्या डॉक्टरांशी बोलायला लावा, कारकुनाच्या हातात चिठ्ठी देऊन काही होत नाही. दुसरं मत घ्यायला टाटाला किंवा कुठेही गेलात तर स्लाइडबरोबर ब्लॉकही न्या. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर मत मागणं माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे.

जाता जाता, आईचं जठर पूर्ण काढलं असेल तर बी१२ कायमचं लागेल, सहसा इंजेक्शनं देतात, डिस्चार्ज कार्डवर नसलं तरी विचारा. जेवण थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि रिपोर्टमध्ये 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन'पुढे (वाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी शिरल्यात का, ती ओळ) काय लिहिलंय ते इथे टाका, तुमच्या फोटोत ती ओळ कापली गेलीय.