प्रश्न: साडेपाच लाखांत घरच्यासाठी जुनी सात सीटर घ्यायची आहे. कर्नाटकात, चिकोडीत राहतो. कोल्हापूर-सांगलीकडे एमएच पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणतात, घ्यावी का? आणि कोणती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नको. तशीच गाडी घेतलेले आमचे दाजी हे वाचणार आहेत, तरीही नको.

एमएचची गाडी इथल्यापेक्षा खाली दिसते, कारण तिच्यावर कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स अजून बसलेला नसतो. दहा ते वीस लाखांच्या नव्या गाडीला इथे १७ टक्के, वर अधिभार. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशोब मूळ किमतीवर धरतात. तुम्ही साडेचारला घेतली की पाचला, याच्याशी आरटीओला देणंघेणं नाही. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो येईल असं धरून बजेट आखू नका.

मग लोक काय करतात, तर कोल्हापुरातल्या पाव्हण्यांच्या पत्त्यावर गाडी एमएचच ठेवतात आणि चिकोडीत फिरवतात. दाजींचंही तेच म्हणणं, "काय हुत नाही हो, अर्ध्या निपाणीत एमएच गाड्याच हायत की." गाड्या आहेत, मान्य. पण कायद्यात दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि आरसी एकाच्या नावावर, विमा दुसऱ्याच्या, असं झालं की अपघातानंतर क्लेम अडकतो. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत टाकायचा असतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, तो धरून प्रीमियम सांगणाऱ्या एजंटाचं ऐकू नका.

दाजींच्या गाडीत खरी गोम मात्र टॅक्सची नव्हती. गाडी कृष्णाकाठची, पुरात बुडालेली. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, या दोन पुरांत नदीच्या दोन्ही अंगाला किती गाड्या पाण्यात होत्या हे आपल्या भागात सांगायला नको. त्या गाड्या भंगारात थोड्याच गेल्या? धुऊन, नवं सीट कव्हर घालून बाजारात आल्या. दाजी पॉलिश बघून भुलले. पहिल्या पावसात काचा बंद पडल्या, मग ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागला, मग डॅशबोर्डवर दिवाळीच. मेकॅनिकने डॅशखालचे कनेक्टर उपटले तर पिना हिरव्यागार. वायरिंग बदललं, तरी दर पावसाळ्यात काहीतरी निघतंच. दाजी अजून सांगतात, गाडी ऐंशी हजारांनी स्वस्त पडली.

पाच मिनिटांत कळलं असतं. सीट बेल्ट पूर्ण ओढायचा, अगदी शेवटपर्यंत. धुणारा बाहेरचा दोन हात पट्टा धुतो, रिळात गुंडाळलेला नाही. तिथे गाळाची रेघ किंवा बारीक माती हाताला लागली की उठून घरी यायचं. पुढची सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा, तिथला गंज रंगवून लपत नाही. कार्पेटखालचा फोम हाताने दाबा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा, आणि विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मालकालाच काढायला लावा. गोवा पासिंगच्या गाडीला खाऱ्या हवेचा गंज असतो, तिथे चेसिसवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकून आवाज ऐकायचा.

इंजिनसाठी सकाळी जा, आणि आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका असं बजावून ठेवा. बॉनेट गरम लागलं तर समजा काहीतरी लपवलंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते, पण झाकण नाचायला लागलं किंवा धूर भसाभसा आला तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय, म्हणजे इंजिन खोलायचं काम. इग्निशन टाकल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर तो कुणीतरी काढलाय. मग घरची सातही माणसं बसवून, एसी लावून वंटमुरी घाट चढवा. चौथ्या गिअरवर आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच गेलाय. रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर यातलं काहीच कळत नाही. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर बदलायला आले असतील तर चार चांगल्या टायरचे पैसे भावात पाडून घ्या.

आता कोणती. बोलेरो कुठेही दुरुस्त होते, पण मागे आडव्या सीटवर वयस्कर माणसं घाटात कंटाळतात. स्कॉर्पिओ घ्यायची तर टर्बोचा आवाज आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश बघून. एक्सयूव्ही ५०० या पैशांत भरपूर देते, मात्र काम निघालं की मोठं निघतं. डस्टर चांगली, पण पाचच सीट. साठ टक्के डांबरावरच फिरणार असाल तर मुकाट्याने अर्टिगा घ्या, एसयूव्ही म्हणवत नसली तरी. टॅक्सी होऊन पांढऱ्या पाटीवर आलेली गाडी मात्र आरसीचा इतिहास काढून ओळखा.

एक राहिलं. विकणारा घरातला असेल, गाडी पहिल्या मालकाची असेल आणि टॅक्स धरूनही परवडत असेल, तर एमएच घेतली तरी चालेल. पण फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओची हरकत नाही असं पत्र, विकणाऱ्याने काढून द्यायची, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, यांच्यासकट, दंडाची चलनं भरून. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन "बाकीचं एजंट बघतो" म्हणणाऱ्याला टोकनसुद्धा देऊ नका. आणि २०१२-१३ ची गाडी बघत असाल तर पंधरा वर्षं भरत आलीत, आरसी रिन्यू करायचा खर्च आणि फिटनेस तुमच्याच गळ्यात येणार.