प्रसंग काय, गाणं काय!

प्रश्न असा आहे: दुःखाच्या प्रसंगी आसपास भलतंच, न शोभणारं संगीत वाजत असतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. याला मराठीत काय म्हणावं? 'दैवदुर्विलास' चालेल का?

मला तो शब्द इथे पटत नाही. जन्मभर इतरांना पोहायला शिकवलेला माणूस बुडून जातो, तो दैवदुर्विलास. त्यात नशिबाने दिलेलं फळच उलटं असतं. इथे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, गाण्याने त्यात काही फरक पडत नाही.

'उपरोध' तर मुळीच नको. उपरोधाला बोलणारा लागतो, त्याचा हेतू लागतो. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर नकारार्थी मान हलवतात आणि नेमका तेव्हाच, गेलेल्या माणसाचा मोबाइल बायकोच्या पिशवीत वाजू लागतो. रिंगटोन त्यानेच हौसेने ठेवलेली, ठेक्याच्या नाचगाण्याची. पिशवीत चाचपडून फोन हाती लागेपर्यंत अख्खं धृपद वाजून होतं. इथे टोमणा कुणीच मारत नाही, म्हणूनच तो इतका लागतो.

'रसभंग' जवळचा वाटेल. अनौचित्यावाचून रसभंगाला दुसरं कारण नाही, असं संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धन सांगतो. पण इथे अनौचित्य असूनही रस भंगत नाही, उलट शोक अधिकच गडद होतो.

चित्रपटात हेच मुद्दाम करतात. आवाजाने दृश्याची री न ओढता त्याच्या विरोधात उभं राहावं, अशी मागणी आयझेनस्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्झांड्रोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकांनी १९२८ सालीच केली होती. अशा योजनेला 'विसंवादी पार्श्वसंगीत' म्हणावं.

आपोआप घडणाऱ्या प्रसंगासाठी मला 'विषम' अलंकार आठवतो. एकमेकांना न शोभणाऱ्या दोन गोष्टींची गाठ पडणं, अशी त्याची व्याख्या संस्कृत अलंकारशास्त्रकार अप्पय्य दीक्षितांनी दिली आहे. शिरीषाच्या फुलासारखी नाजूक ही कुठे आणि तो मदनज्वर कुठे, हे त्यांचं उदाहरण. 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' ही म्हण त्याच घराण्यातली. नामच हवं असेल तर 'विषम योग' म्हणा, पण 'विषम' म्हटलं की आज आधी संख्या आठवते.

बोलताना आपण सहज म्हणतो ते मला जास्त आवडतं: 'प्रसंग काय, गाणं काय!' फक्त ही रचना कौतुकालाही चालते ('आवाज काय, तान काय!'), तेव्हा घोटाळ्याची शक्यता असेल तिथे सरळ 'कुठे हा प्रसंग आणि कुठे ते गाणं' असं लिहावं.